तीन लँडलाइन, जुना ईपीएबीएक्स आणि गिऱ्हाइकांना पाठ झालेला नंबर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत औषधांचा घाऊक व्यवसाय, गोदाम कुपवाड एमआयडीसीत. पेढीवर तांब्याच्या तारेच्या तीन लँडलाइन आहेत. तिन्ही हंटिंगमध्ये, म्हणजे पहिला नंबर बिझी असला की कॉल आपोआप दुसऱ्यावर जातो. त्यामागे पॅनासॉनिकचा टीईएस-824 ईपीएबीएक्स (बाहेरच्या लाइन पेढीतल्या फोनना वाटणारं मशीन) आहे, तीन बाहेरच्या लाइन आणि आठ इंटरकॉमचा. पावसाळा सुरू झाला की लाइन खरखरते. टेलिफोन कंपनी म्हणते तार सोडा, फायबर घ्या. क्लाउड फोन (पेढीत मशीन न ठेवता इंटरनेटवरून चालणारी फोनसेवा) विकणारा म्हणतो, "तुमचा नंबर आमच्याकडे आणतो, मशीन काढून टाका." जत, कवठेमहांकाळ, तासगावपर्यंतच्या मेडिकल दुकानदारांना तुमचा पहिला नंबर पाठ आहे आणि तो हलायला नको आहे. मग काय करावं?

आधी त्या विक्रेत्याच्या वाक्याचा निकाल लावू. मोबाइल नंबर एका कंपनीतून दुसरीकडे नेण्याची सोय देशभर 2011 पासून आहे. लँडलाइनला ती सोय नाही. 0233 चा तुमचा नंबर ज्या कंपनीचा आहे, तिच्याकडेच राहणार. "नंबर आणतो" याचा प्रत्यक्षातला अर्थ असा, की जुन्या नंबरवर कायमचं कॉल फॉरवर्ड लावायचं आणि कॉल त्यांच्या नव्या नंबरवर उतरवायचा. म्हणजे जुन्या लाइनचं भाडं चालूच राहतं, प्लॅननुसार फॉरवर्ड झालेल्या कॉलचे पैसे लागू शकतात, आणि क्लाउडवाला तोच कॉल तुमच्या माणसाच्या मोबाइलवर जोडताना त्या दुसऱ्या टप्प्याचे मिनिट वेगळे मोजतो. शिवाय एका नंबरवरून एका वेळी किती कॉल फॉरवर्ड होतील यालाही मर्यादा असते. सकाळी दहा ते बाराच्या ऑर्डरच्या घाईत ही मर्यादा नडते.

क्लाउड टेलिफोनी वाईट नाही. ज्यांची माणसं दिवसभर फिरतीवर असतात आणि ज्यांचा जुना नंबर कुणाला माहीत नाही, त्यांच्यासाठी ती उत्तम सोय आहे. तुमचं तसं नाही. तुमची मिळकत त्या नंबरात आहे, म्हणून यंत्रांचे सगळे निर्णय "नंबर कुठे राहतो" या एका गोष्टीवरून घ्यायचे. माझा सल्ला असा: नंबर त्याच कंपनीच्या फायबरवर न्या, ईपीएबीएक्सच्या जागी छोटा आयपी पीबीएक्स (तेच काम इंटरनेटच्या तंत्राने करणारं मशीन) आणा, आणि जास्तीच्या लाइन हव्याच असतील तर त्या नंतर एसआयपी ट्रंकवर, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या लाइनवर, घ्या. हे सगळं एका दिवशी करू नका.

आधी मोजदाद

एक आठवडा काहीही विकत घेऊ नका. तीन लाइनवर एका वेळी जास्तीत जास्त किती कॉल चालू असतात ते पाहा. ईपीएबीएक्सला संगणक जोडलेला असेल तर कॉलची नोंद त्यातून निघते, नसेल तर घाईच्या दोन तासांत काउंटरवरच्या माणसाने कागदावर रेघा मारल्या तरी चालतं. तिन्ही लाइन एकदम भरतात का, हाच प्रश्न आहे. क्वचितच भरत असतील तर दोनच फायबरवर नेऊन तिसरी सोडता येईल.

मग तारांचा माग काढा. प्रत्येक लाइन आत कुठे येते आणि कुठे कुठे फुटते, ते शोधायचं. बहुतेक जुन्या पेढ्यांत एखादी लाइन ईपीएबीएक्सच्या आधीच फुटून मालकांच्या केबिनमध्ये थेट गेलेली असते, दुसरीवर फॅक्स असतो, तिसरीवर चोरी झाल्यास आपोआप डायल करणारा अलार्म. तारेवरचं जुनं ब्रॉडबँड चालू असेल तर तेही नोंदवा. तार बंद झाली की तेही बंद होतं, आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर त्यावर चालत असलं तर सकाळी कळतं.

कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. हाच नंबर फायबरवर राहील का? तिन्ही नंबरांचं हंटिंग फायबरवर चालू राहील का? फायबर बंद पडल्यावर कॉल आपोआप मोबाइलवर वळवण्याची सोय मिळेल का? तोंडी "हो साहेब"वर जाऊ नका. हंटिंगचं उत्तर ठिकाणानुसार बदलतं आणि हंटिंग गेलं तर तुमची सगळी मांडणी बदलते.

फायबरवरचा फोन म्हणजे नेमकं काय

फायबर घेतल्यावर भिंतीवर ओएनटी नावाचा डबा येतो, लोक त्यालाही मोडेमच म्हणतात. त्याला एक किंवा दोन टेलिफोनची भोकं असतात. आतून तो फोन इंटरनेटच्याच तंत्राने चालतो, पण त्याचे लॉगिन-पासवर्ड कंपनी सहसा देत नाही. तुमच्या हातात फक्त ते भोक येतं. त्यात साधा बीटेलचा फोन लावला तरी टोन येते. म्हणजे काहीच बदलायचं नसेल तर त्या भोकातून वायर काढून जुन्या ईपीएबीएक्सच्या बाहेरच्या लाइनच्या जागी लावली की काम झालं. खरखर जाते आणि खर्चही जवळजवळ नाही. ज्यांचा ईपीएबीएक्स धड आहे आणि ज्यांना गोदाम जोडायचं नाही, त्यांनी इथेच थांबावं.

ही जोडणी करताना एक चूक महागात पडते. तंत्रज्ञ कधी कधी ओएनटीचा फोन भिंतीतल्या जुन्याच वायरिंगमध्ये सोडतो, म्हणजे सगळीकडचे फोन एकदम चालू होतील. त्यासाठी एक्स्चेंजकडून येणारी तारांची जुनी जोडी आधी बाहेरच्या पेटीतच तोडायला हवी. त्या जोडीवर एक्स्चेंजचे 48 व्होल्ट असतात, आणि घंटीच्या वेळी त्याहून बरेच जास्त. दोन्ही एकत्र झाले तर ओएनटीचं भोक जळतं. ओएनटीची घंटी वाजवण्याची ताकदही बेताची असते. एका भोकावर चार जुने घंटीवाले फोन टाकले तर एकही नीट वाजत नाही.

विजेचा मुद्दा लोक विसरतात. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन एक्स्चेंजच्या विजेवर चालायचा, तुमच्याकडे दिवे गेले तरी बोलता यायचं. फायबरमधून वीज येत नाही. ओएनटी, राउटर, स्विच, पीबीएक्स यांतलं एक जरी बंद पडलं तरी फोन गेला. हिशेब असा: ओएनटी आणि राउटर दहा-दहा वॅट, पीबीएक्स साधारण तेवढाच, पाच फोन लावलेला पीओई स्विच (केबलमधूनच फोनला वीज देणारा) वीस-पंचवीस वॅट, एकूण 55 च्या आसपास. संगणकासाठी मिळतो तो 600 व्हीएचा यूपीएस 12 व्होल्ट 7 एएचच्या बॅटरीवर हे अर्धा-पाऊण तास ओढेल, तेही बॅटरी नवी असताना. पेढीत 150 एएचचा इन्व्हर्टर असेल आणि त्यावर एवढाच भार ठेवला तर दिवस निघतो. मात्र इन्व्हर्टरच्या पाठीमागचं बटण "यूपीएस" वर आहे का ते पाहा. दुसऱ्या मोडमध्ये वीज जाताना बदल इतका सावकाश होतो की राउटर आणि पीबीएक्स रीस्टार्ट होतात, आणि पुढची दोन-तीन मिनिटं फोन मुके.

हे सगळं तळमजल्यावर जमिनीलगत लावू नका. 2019 चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला याचं कारण सांगायला नको.

पीबीएक्स, आणि तिथली खरी डोकेदुखी

गोदामाला इंटरकॉमवर घ्यायचं असेल, कॉल रेकॉर्ड करायचे असतील, मालकांना बाहेरगावी असताना पेढीचाच फोन उचलायचा असेल, तर आयपी पीबीएक्स लागतो. तुमच्या मापाला ग्रँडस्ट्रीमचा यूसीएम6302 बसतो. त्यात बाहेरच्या साध्या लाइन घेणारी दोन भोकं (एफएक्सओ) आणि साधे फोन लावायची दोन भोकं (एफएक्सएस) असतात. तिसरी लाइनही ठेवायची असेल तर चार लाइनचा यूसीएम6304. वडोदऱ्याच्या मॅट्रिक्सचेही पर्याय आहेत आणि त्यांचे इंजिनिअर आपल्याकडे सहज मिळतात, ही जमेची बाजू. जुन्या संगणकावर फ्रीपीबीएक्स टाकून फुकटात करणं शक्य आहे, पण ते सांभाळणारा माणूस पेढीत नसेल तर त्या फंदात पडू नका.

ओएनटीच्या भोकातली वायर पीबीएक्सच्या एफएक्सओमध्ये गेली की दोन तक्रारी हमखास येतात. पहिली: "समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते." पीबीएक्सला समोरचा गेल्याचं कळतं ते बिझी टोन ऐकून. भारतीय बिझी टोन 400 हर्ट्झची, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. पीबीएक्समध्ये देश "इंडिया" निवडला की हीच टोन गृहीत धरली जाते. पण फायबरवर ही टोन एक्स्चेंजमधून येतेच असं नाही, अनेकदा ओएनटी ती स्वतःच बनवतो. डबा चिनी बनावटीचा असेल आणि त्यातलं देशाचं सेटिंग तसंच राहिलं असेल, तर टोन 450 हर्ट्झची आणि दुप्पट जलद, 0.35 सेकंदांच्या ठोक्याने येते. पीबीएक्स आपली वाट बघत बसतो आणि लाइन मोकळी होत नाही. उपाय सोपा आहे. साधा फोन लावून मोबाइलवरून कॉल करा, मोबाइल ठेवा, आणि साध्या फोनवर येणारी टोन दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड करून तिचे ठोके मोजा. मग तेच आकडे पीबीएक्सच्या बिझी टोनच्या रकान्यात भरा. काही पीबीएक्समध्ये टोन आपोआप ओळखणारं बटणही असतं, त्याने बहुतेक वेळा जमतं. ओएनटी कॉल संपल्यावर लाइनचे ध्रुव (दोन तारांचे प्लस-मायनस) उलटवत असेल तर ते सेटिंग जास्त भरवशाचं.

दुसरी तक्रार नंबर न दिसण्याची. आपल्याकडे तांब्याच्या लाइनवर कॉल करणाऱ्याचा नंबर घंटीच्या आधी, ध्रुव उलटवून, डीटीएमएफने (बटणं दाबल्यावर येणाऱ्या टोनने) पाठवायची पद्धत आहे. ओएनटी मात्र बऱ्याचदा एफएसकेने (मोडेमसारख्या टोनने) पाठवतो, पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये. पीबीएक्स एका पद्धतीवर आणि लाइन दुसऱ्या, असं असलं की पडद्यावर "अननोन" येतं. पद्धत बदला, आणि एफएसके असेल तर पीबीएक्सला दुसऱ्या घंटीपर्यंत थांबायला सांगा. त्याने उत्तर दोन-तीन सेकंद उशिरा जातं, पण दुकानाचं नाव पडद्यावर येणं ऑर्डर घेणाऱ्याला जास्त मोलाचं.

प्रतिध्वनी येत असेल, तर एफएक्सओच्या आवाजाच्या पातळ्या आणि इम्पीडन्स (लाइनचा विद्युत अडथळा) जुळलेले नाहीत असं समजा. आवाज मोठा करायच्या नादात गेन चढवला की प्रतिध्वनी वाढतो. आधी गेन शून्यावर आणा, मग बाकी बघा.

डायल करण्याचे नियम

15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं. माणसं विसरतात, पीबीएक्सने विसरू नये. 6 ते 9 ने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला की पुढे 0 जोडायचा, असा नियम घाला. सांगली-मिरजेचे सात आकडी नंबर तसेच जाऊ द्या. हे नियम नीट टिपून ठेवा, कारण लँडलाइनच्या स्थानिक कॉललाही शून्य आणि एसटीडी कोडसह दहा आकडे करावेत अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी 2025 मध्ये केलेली आहे. उद्या ते लागू झालं तर बदल एका ओळीचा असायला हवा.

आता एक खाच. जुन्या ईपीएबीएक्सवर तुमचे इंटरकॉम 101 ते 108 असणार. बाहेरची लाइन घ्यायला आधी वेगळा आकडा दाबावा लागायचा, म्हणून चालून गेलं. नव्या पीबीएक्सवर लोक थेट नंबर फिरवतात. आग लागल्यावर कुणी 101 फिरवला तर काउंटरवरचा फोन वाजेल, आणि 108 च्या रुग्णवाहिकेऐवजी पॅकिंगवाला "हॅलो" म्हणेल. सगळे इंटरकॉम 201 पासून पुढे न्या, आणि 100, 101, 108, 112 हे नंबर थेट बाहेर जातील असा नियम सर्वांत वर ठेवा. 1800 चे टोल-फ्री नंबरही वेगळे तपासा, काही ट्रंकवरून ते लागत नाहीत.

नंबर फिरवल्यावर आयपी फोन चार-पाच सेकंद गप्प बसतो आणि लोक म्हणतात "लागतच नाही". तो आणखी आकड्यांची वाट बघत असतो. फोनमधल्या डिजिट मॅपमध्ये किती आकड्यांनंतर निघायचं ते लिहिलं की हे थांबतं.

येणाऱ्या कॉलसाठी रेकॉर्ड केलेली स्वागताची बाई लावायचा मोह होईल. लावू नका. तासगावचा मेडिकलवाला गिऱ्हाईक समोर उभं असताना फोन करतो, त्याला "ऑर्डरसाठी एक दाबा" ऐकवण्यात अर्थ नाही. कॉल थेट ऑर्डर घेणाऱ्या तीन फोनवर एकदम वाजवा, वीस सेकंदांत कुणी उचलला नाही तर मालकांच्या मोबाइल ॲपवर.

नेटवर्क

आवाजाला बँडविड्थ फार लागत नाही, स्थिरता लागते. जी.711 या कोडेकमध्ये (आवाज डेटात बदलण्याच्या पद्धतीत) आवाजाचे 64 केबीपीएस, त्यावर पाकिटांची (डेटाच्या तुकड्यांची) वेष्टनं धरून प्रत्येक दिशेला सुमारे 87 केबीपीएस. सहा कॉल एकदम चालले तरी अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास. जी.729 ला 31 केबीपीएस पुरतात, पण फायबर असताना आवाज दाबायचं कारण नाही. कोडेक निवडताना जी.711 चा ए-लॉ प्रकार घ्या, भारतात तोच चालतो.

अडतं ते अपलोडवर. सीसीटीव्हीचे कॅमेरे क्लाउडवर चित्रं चढवत असतील किंवा टॅलीचा बॅकअप दुपारी बाराला चालू होत असेल, तर आवाजाची पाकिटं रांगेत अडकतात आणि बोलणं तुटक येतं. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85-90 टक्क्यांवर ठेवा आणि आवाजाला, म्हणजे डीएससीपी 46 अशी खूण असलेल्या पाकिटांना, पहिला मान द्या. पाकिटं हरवण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत, जिटर (पाकिटं येण्याच्या वेळेतला फरक) 30 मिलिसेकंदांच्या आत आणि एका बाजूचा उशीर 150 च्या आत असला की बोलणं स्वच्छ राहतं.

टेबलावरचे फोन वायफायवर चालवू नका. कॅट-6 केबल ओढा, एका तुकड्याची लांबी 100 मीटरच्या आत. इंटरकॉमच्या जुन्या बारीक जोडीवर आयपी फोन चालत नाही, ती केबल तिथेच सोडून द्या. प्रत्येक टेबलाला नवी केबल ओढायची गरज नसते, कारण आयपी फोनला दोन भोकं असतात. भिंतीतून फोनला आणि फोनमधून संगणकाला अशी जोडणी होते. पॅकिंग आणि शिपाई यांच्याकडे साधेच फोन राहू द्या, ते एफएक्सएसवर लावा. धुळीत आणि खोक्यांच्या माऱ्यात ते जास्त टिकतात.

कुपवाडच्या गोदामासाठी दोन्ही ठिकाणच्या राउटरमध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट) बांधा, आणि गोदामातला आयपी फोन त्यातून पीबीएक्सला जोडा. त्यासाठी निदान पेढीच्या बाजूला स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) लागेल. साध्या घरगुती कनेक्शनवर कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, तिथे बाहेरून आत येता येत नाही. स्टॅटिक आयपीला महिन्याचे वेगळे पैसे पडतात, ते हिशेबात धरा.

मोबाइलवरच्या ॲपची तक्रार ठरलेली: "पहिल्या दिवशी वाजलं, मग वाजलंच नाही." फोनची बॅटरी वाचवणारी व्यवस्था ॲपला पडद्यामागे बंद करून टाकते. त्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढा, ऑटोस्टार्ट चालू करा, आणि पुश नोटिफिकेशन देणारंच ॲप निवडा.

बिघाड ओळखताना

एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो: राउटरमधलं एसआयपी एएलजी (फोनच्या पाकिटांतले पत्ते बदलणारी सोय) बंद करा. ही सोय मदतीसाठी म्हणून दिलेली असते आणि नुकसानच जास्त करते.

कॉल बरोबर 32 सेकंदांनी तुटतो: उचलल्याची पोच परत पोचत नाही, म्हणून समोरचं यंत्र वाट बघून कॉल सोडतं. पीबीएक्समध्ये पेढीचा बाहेरचा (सार्वजनिक) आयपी पत्ता चुकीचा भरलेला असतो. 15 किंवा 30 मिनिटांनी ठरल्यासारखा तुटत असेल तर सेशन टाइमर (कॉल चालू आहे का हे ठरावीक वेळाने तपासणारं सेटिंग) पाहा.

सकाळी पहिला कॉल येत नाही, बाहेर केल्यावर मग येऊ लागतात: राउटर मोकळी बसलेली वाट बंद करतो. कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवायला अधूनमधून जाणारं पाकीट) 30 सेकंदांच्या आत ठेवा.

ओएनटीवर लाल एलओएस दिवा: फायबर तुटली किंवा कुठे तरी दुमडली. पॉनचा (फायबरच्या जोडणीचा) दिवा स्थिर आणि इंटरनेट चालू, पण फोनचा दिवा बंद: आवाजाची नोंदणी कंपनीच्या बाजूला अडली आहे, तुमची यंत्रं उघडत बसू नका. तंत्रज्ञ आला की प्रकाशाची पातळी विचारा. उणे 20 डीबीएमच्या आसपास असेल तर ठीक, उणे 27 म्हणजे काठावर, पुढच्या सांध्यात थोडी धूळ शिरली की लाइन जाईल.

दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट घेतलं म्हणजे फोनही सुरक्षित झाला, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. तुमचा जुना नंबर त्या एकाच कंपनीच्या फायबरवरून येतो. ती तुटली की दुसऱ्या इंटरनेटवर ईमेल चालेल, ॲपचे फोन आपापसांत लागतील, पण 0233 चा नंबर मुका. म्हणूनच "लाइन बंद असल्यास मोबाइलवर वळवा" ही सोय आधी लेखी मागायची. ती चालते का हे फायबर प्रत्यक्ष उपसून तपासा, नुसता फोन उचलून ठेवून नव्हे.

चोरी आणि कायदा

पीबीएक्सचं 5060 पोर्ट (इंटरनेट फोनचा दरवाजा) इंटरनेटला उघडं ठेवलं की काही तासांतच जगभरातून कुणी ना कुणी कड्या वाजवू लागतं. 201 ला पासवर्ड 201 असला की रात्री दोन वाजता तुमच्या खर्चाने परदेशी कॉल निघतात आणि बिल तुम्हालाच भरावं लागतं. पोर्ट उघडू नका, बाहेरचे फोन व्हीपीएनमधूनच घ्या. आयएसडी कंपनीकडूनच बंद करून घ्या, नुसतं पीबीएक्समध्ये नको.

सिम टाकलेल्या गेटवेवरून (कॉल इंटरनेट आणि सिममध्ये जोडणाऱ्या डब्यावरून) "स्वस्त लाइन" देणारे भेटतील. परदेशातले कॉल इंटरनेटवरून आणून स्थानिक लाइनवर सोडणं हा गुन्हा आहे आणि ज्याच्या नावावर लाइन, त्याच्याकडे पोलीस येतात. नंबर आणि ट्रंक परवानाधारक कंपनीकडूनच घ्या. पुढे दुसऱ्या जिल्ह्यातली शाखा याच पीबीएक्सला जोडायची झाली तर आधी कंपनीकडून लेखी मान्यता घ्या. ऑफरचे सरसकट कॉल या नंबरवरून करू नका. जाहिरातीच्या कॉलसाठी 140 ची मालिका वेगळी आहे, आणि तक्रारी झाल्या तर जपलेला नंबरच बंद होऊ शकतो.

ऑर्डरचे कॉल रेकॉर्ड करणार असाल तर समोरच्याला तसं कळू द्या आणि किती दिवस ठेवायचे ते ठरवा. साध्या डब्ल्यूएव्ही फाइलला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, पीबीएक्सच्या आतली जागा भरायच्या आधी फाइली बाहेर काढायची सोय करा. "दहा सांगितले होते, शंभर आले" हे भांडण मिटवायला तीन महिन्यांचं रेकॉर्ड पुरतं.

बदलाचा दिवस

फायबर आधी ओढून घ्या आणि दोन आठवडे त्यावर फक्त इंटरनेट चालवा. पावसाळ्यात आणि मार्च अखेरीला हे काम काढू नका. तीनपैकी सर्वांत कमी वापराचा नंबर आधी फायबरवर न्या, कारण नंबर तिकडे गेला की तार मरते आणि परत येणं सोपं नसतं. त्याआधी त्याला हंटिंगमधून काढायला सांगा, नाही तर कॉल मेलेल्या लाइनवर जाऊन वाजत राहतील. त्यावर टोन, नंबर दिसणं, लाइन सुटणं हे सगळं जुळवलं की मग मुख्य नंबर न्या, शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी. त्याच दिवशी जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल अशा प्रत्येक मोबाइलवरून आणि एका लँडलाइनवरून आत कॉल करून पाहा, तसेच बाहेरही. बँकेच्या नंबरवर आकडे दाबून बघा. आकडे ओळखले जात नसतील तर डीटीएमएफची पद्धत आरएफसी 2833 वर ठेवा.

फॅक्स कुणी मागत असेल तर ते मशीन पीबीएक्समधून न नेता थेट ओएनटीच्या दुसऱ्या भोकावर लावा, वेग 9600 वर आणि चूक दुरुस्तीचा पर्याय बंद. अलार्मच्या डायलरला सिमवर चालणारं मॉडेल घ्या. जुना ईपीएबीएक्स महिनाभर भिंतीवरच राहू द्या, नवा पीबीएक्स अडला तर तो परत जोडायला वायरी फक्त ओएनटीपर्यंत लांबवाव्या लागतात.

तिसऱ्या लाइनची गरज नाही असं महिन्याभरात दिसलं तर ती परत करण्याचा अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या, आणि कंपनीचं उपकरण असेल तर ते जमा केल्याची वेगळी पावती. सुरुवातीला भरलेली अनामत शेवटचं बिल वजा करून मिळते, पण मागितल्याशिवाय नाही. अर्जासोबत रद्द केलेला चेक जोडा, आणि लाइन ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील किंवा पेढीची भागीदारी बदललेली असेल तर आधी नाव बदलून घ्या. हे नावाचं काम मुख्य नंबरासाठीही फायबरचा अर्ज करण्यापूर्वीच करा. जुन्या पेढ्यांत लाइन आजोबांच्या नावावर निघते आणि सगळं काम तिथेच अडतं.